भिंतीतला फेस

कॅनडाच्या ओंटारिओ प्रांतात घराच्या खरेदी-विक्रीसाठी जो छापील करारनामा सर्रास वापरला जातो, त्यातलं एक कलम पहिल्यांदा वाचणाऱ्याला कोड्यात टाकतं. किंमत, ताबा, गहाण, कर अशा अपेक्षित मजकुराच्या मध्येच विकणाऱ्याकडून लिहून घेतलेलं असतं, की माझ्या मालकीच्या काळात या घरात यूरिया फॉर्माल्डिहाइड असलेलं इन्सुलेशन मी भरलेलं नाही आणि माझ्या माहितीप्रमाणे ते आधीपासूनही इथे नाही. भिंतीत भरायच्या या फेसावर कॅनडात बंदी आली ती डिसेंबर १९८० मध्ये. आज त्या कागदावर सह्या करणाऱ्यांपैकी अनेकांचा तेव्हा जन्मही झालेला नव्हता. पदार्थ गेला, पण त्याचं नाव करारनाम्यात राहून गेलं.

ओटावात आम्ही घर घेतलं तेव्हा हे कलम मी तीनदा वाचलं. घर १९२० च्या दशकातलं, विटांचं, दुमजली. पुढे माळ्यावर कोणतं इन्सुलेशन घालायचं हा प्रश्न आला आणि दोन कंत्राटदारांनी दोन टोकाचे सल्ले दिले. एक म्हणाला, छताला आतून स्प्रे फोम मारून टाका, आयुष्यभराची कटकट मिटेल. दुसरा म्हणाला, जुन्या वर्तमानपत्रांचा लगदा पसरा, निम्म्याहून कमी पैशांत काम होईल. हा वाद फक्त आमच्या माळ्याचा नाही, हे मला त्या कलमाचा इतिहास शोधताना कळत गेलं. घराला ऊब देणाऱ्या वस्तूंचा इतिहास म्हणजे माणसांनी आपल्या भिंतीत डोळे झाकून काय काय भरून घेतलं याचा इतिहास आहे.

गोधडीचं शास्त्र

इन्सुलेशन या शब्दाचा बाऊ करायचं कारण नाही. ज्याने गोधडी पांघरली आहे त्याला ते ठाऊक आहे. जुन्या लुगड्यांचे चार-सहा थर एकावर एक ठेवून धावदोरा घातला की जी ऊब मिळते ती मुख्यतः कापडाची नसते, थरांमध्ये अडकलेल्या हवेची असते. स्थिर हवेतून उष्णता फार सावकाश जाते. हवा हलली की ऊब गेली. त्यामुळे भुसा असो, लोकर असो, गवत असो की काचेचे तंतू, सगळ्यांचं काम एकच: हवेला लहान लहान कप्प्यांत कोंडून ठेवायचं.

थंड प्रदेशातल्या लोकांनी त्यासाठी हाताला लागेल ते वापरलं. लाकूड कापणाऱ्या गिरण्यांच्या आसपास भुसा फुकट मिळे, तो भिंतींच्या पोकळीत ओतला जाई. कुणी वर्तमानपत्रं कोंबली, कुणी शेतातला पेंढा. समुद्रकाठी ईलग्रास नावाचं गवत वाहून येतं. ते वाळलं की सहसा कुजत नाही आणि सहज पेटतही नाही. १८९० च्या दशकात बॉस्टनच्या सॅम्युएल कॅबॉटने हे गवत दोन जाड कागदांच्या मध्ये शिवून विकायला काढलं. त्याचं नाव होतं ‘कॅबॉट्स क्विल्ट’, म्हणजे चक्क कॅबॉटची गोधडी. कॅनडाच्या नोव्हा स्कोशियाच्या किनाऱ्यावरचे लोक हे गवत गोळा करून वाळवून विकत. कॅप्टन स्कॉटने १९११ साली अंटार्क्टिकात केप एव्हान्सला जे लाकडी घर उभारलं, त्याच्या भिंतीतही समुद्री वनस्पती भरून शिवलेल्या गोधड्या होत्या. ते घर आजही उभं आहे. १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला एका रोगाने उत्तर अटलांटिकमधलं बहुतेक ईलग्रास मारून टाकलं आणि कॅबॉटची गोधडीही हळूहळू मागे पडली.

भुशाची तर आपल्याकडेही कहाणी आहे. बॉस्टनच्या फ्रेडरिक ट्यूडरने गोठलेल्या तळ्यांमधला बर्फ कापून जहाजाने जगभर विकण्याचा धंदा उभारला. १८३३ साली त्याचं ‘टस्कनी’ हे जहाज सुमारे १८० टन बर्फ घेऊन निघालं आणि चार महिन्यांनी कलकत्त्याला पोचलं तेव्हा त्यातला सुमारे १०० टन शिल्लक होता. विषुववृत्त दोनदा ओलांडून! पुढे मुंबईतही अमेरिकन बर्फासाठी बर्फघर बांधलं गेलं. या सगळ्या व्यापारामागची युक्ती म्हणजे बर्फाच्या भोवती दाबून भरलेला लाकडाचा भुसा, गिरणीवाल्यांना जो कुठे टाकायचा असा प्रश्न पडायचा तोच. मुंबईच्या उकाड्यात श्रीमंतांच्या पेल्यात तरंगणारा तो बर्फ भुशाच्या कृपेने तिथवर आलेला होता.

या जुन्या वस्तूंना मी सोवळं ठरवत नाही. भुसा बसतो, खाली सरकतो, वर पोकळी उरते. ओल धरली की कुजतो. उंदरांना तर कुठलंही मऊ भरण आवडतं. आगीची भीती वेगळीच. पण त्यांच्यात एक गुण होता आणि त्याकडे कुणाचं लक्ष जायचं नाही, कारण तो गृहीतच धरलेला होता: फळी उचकटली की ते दिसायचे, हाताने काढता यायचे, बदलता यायचे.

कारखान्यातली लोकर

एकोणिसाव्या शतकात लोखंड गाळणाऱ्या भट्ट्यांच्या मळीवर वाफेचा झोत मारून तिचे तंतू काढायची कला साधली. हीच खनिज लोकर. १९३२ च्या सुमारास अमेरिकेत ओहायो राज्यात काचेच्या बाबतीत असाच शोध लागला. डेल क्लाइस्ट नावाचा तरुण संशोधक काचेच्या विटा एकमेकींना जोडायच्या खटपटीत होता. हवेच्या झोताने वितळलेल्या काचेचे बारीक तंतू उडाले आणि त्याचे वरिष्ठ गेम्स स्लेटर यांना त्यात धंदा दिसला. १९३८ साली ओवेन्स-कॉर्निंग ही कंपनी निघाली आणि काचतंतूंच्या गाद्या घरोघरी गेल्या. उत्तर अमेरिकेत कुठल्याही जुन्या माळ्यावर डोकावलात तर ती गुलाबी, अंगाला खाज आणणारी गादी दिसतेच.

याच कारखानदारीने अॅस्बेस्टॉसही दिलं. क्वेबेकमध्ये अॅस्बेस्टॉस याच नावाचं खाणगाव होतं. गावकऱ्यांनी २०२० साली त्याचं नाव बदललं. कॅनडाने स्वतःच्या देशात या खनिजाचा वापर जवळपास थांबवल्यानंतरही ते बरीच वर्षं बाहेर विकलं आणि त्याचं एक मोठं गिऱ्हाईक होतं भारत. आपण ज्यांना नुसतं ‘सिमेंटचे पत्रे’ म्हणतो त्यांतलं सिमेंट आपल्याला माहीत असतं, त्यांतलं दुसरं काय ते बहुतेकांना माहीत नसतं. कॅनडाने पूर्ण बंदी घातली ती २०१८ साली. अमेरिकेत मोंटाना राज्यातल्या लिबी गावाजवळच्या खाणीतलं व्हर्मिक्युलाइट हलकं, न जळणारं आणि ओतायला सोपं म्हणून लाखो माळ्यांवर पसरलं गेलं. त्यातही अॅस्बेस्टॉस मिसळलेलं होतं. खाण १९९० साली बंद झाली, माळ्यांवरचं व्हर्मिक्युलाइट अजून आहे.

तेव्हा ‘जुनं ते सोनं’ असा काही नियम या इतिहासातून निघत नाही. निघतो तो वेगळाच.

तेल, अनुदान आणि घाई

ऑक्टोबर १९७३ मध्ये अरब देशांनी तेलपुरवठ्यावर निर्बंध घातले. काही महिन्यांत पिंपामागे तीनेक डॉलर असलेला भाव बाराच्या आसपास गेला. कॅनडासारख्या देशात, जिथे हिवाळ्यात उणे २५ ही बातमी नसते, घर तापवणं ही चैन नाही. सरकारला घाई झाली. १९७७ मध्ये घरांच्या इन्सुलेशनसाठी अनुदान देणारी राष्ट्रीय योजना सुरू झाली.

अडचण अशी, की जुन्या घरांच्या भिंती आतून पोकळ असल्या तरी बंद होत्या. गादी घालायची तर भिंत फोडायला हवी. यूरिया फॉर्माल्डिहाइडच्या फेसाने हा प्रश्न चुटकीसरशी सोडवला. कंत्राटदार गाडी घेऊन यायचा, राळ आणि आम्लयुक्त साबणी द्रावण दाबाखालच्या हवेबरोबर मिसळायचा, भिंतीला बाहेरून छोटी छोटी भोकं पाडायचा आणि दाढीच्या साबणासारखा पांढरा फेस आत सोडायचा. फेस कानाकोपऱ्यात शिरायचा आणि घट्ट व्हायचा. संध्याकाळपर्यंत भोकं बुजवलेली, बिल दिलेलं, अनुदानाचा अर्ज भरलेला.

मात्र एक गोष्ट नीट पाहायला हवी. भुसा किंवा काचतंतू हे घरी येतात तेव्हा तयार वस्तू असतात. फेसाचं तसं नाही. तो तुमच्या दारात, तुमच्या भिंतीत बनतो. म्हणजे तुमचं घर हाच एक दिवसाचा रासायनिक कारखाना आणि तो चालवणारा कामगार कितपत शिकलेला आहे, त्या दिवशी हवा कशी आहे, मिश्रणाचं प्रमाण चुकलं का, यावर सगळं अवलंबून. प्रमाण बिघडलं की जास्तीचा फॉर्माल्डिहाइड वायू भिंतीतून घरात यायचा. शिवाय वाळताना हा फेस आकसायचा, त्याला भेगा पडायच्या आणि ज्या हवेला अडवायचं ती भेगांतून पुन्हा वाहायची.

तक्रारी येऊ लागल्या. डोळे चुरचुरणं, घसा धरणं, डोकेदुखी, दमा. डिसेंबर १९८० मध्ये बंदी आली. तोवर सुमारे लाखभर घरांत फेस गेला होता, त्यातला बराच सरकारी अनुदानाने. मग त्याच सरकारने तो काढण्यासाठी वा घर सुधारण्यासाठी दुसरं अनुदान सुरू केलं. आमच्या रस्त्यावरच्या एक वयस्क बाई सांगतात, की त्यांच्या नवऱ्याने एका उन्हाळ्यात बाहेरची एकेक फळी काढून, फेस खरवडून पोत्यांत भरला होता. आजाराची भीती त्यांना फारशी वाटलेली नव्हती. त्यांना भीती होती ती घर कुणी विकत घेणार नाही याची, कारण सगळी पुंजी त्या घरातच होती.

पुढे काय झालं ते अधिक गुंतागुंतीचं आहे. अमेरिकेच्या ग्राहक सुरक्षा आयोगाने १९८२ साली असाच बंदीचा निर्णय घेतला, पण पुरावा पुरेसा नाही म्हणून १९८३ मध्ये तिथल्या अपील न्यायालयाने तो रद्द केला. क्वेबेकमध्ये घरमालकांचा खटला आठ वर्षं चालला. डिसेंबर १९९१ मध्ये न्यायाधीश रेने हुर्ट्युबीझ यांनी निकाल दिला आणि घरमालक हरले. त्यांच्या आजारांचं कारण हाच फेस आहे, हे न्यायालयाला पटेल असं सिद्ध झालं नाही. फॉर्माल्डिहाइड तर प्लायवूडमधूनही येतो, सिगारेटच्या धुरातूनही येतो. पुढे २००४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने फॉर्माल्डिहाइडला माणसांत कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकलं, पण भिंतीतला फेस तोवर बराचसा हवेत विरून शांत झालेला होता. जो वायू बाहेर पडायचा तो मुख्यतः सुरुवातीच्या काळात.

म्हणजे घरमालकांची दोन्हीकडून कुचंबणा झाली. न्यायालय म्हणालं, इजा सिद्ध नाही. बाजार म्हणाला, घर संशयित आहे. आणि भिंत बंद असल्यामुळे स्वतः पाहून शहानिशा करायची सोय नव्हती. करारनाम्यातलं ते कलम या अविश्वासाचं स्मारक आहे.

गंमत म्हणजे अनुदानाची योजना सुरू झाली त्याच १९७७ साली सस्कॅचवान प्रांतात, रेजायना शहरात, एक प्रायोगिक घर बांधलं गेलं. हॅरल्ड ऑर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याच्या भिंती भरपूर जाड ठेवल्या, हवा झिरपू नये म्हणून प्लास्टिकचा अखंड पडदा लावला आणि ताजी हवा आत घेताना बाहेर जाणाऱ्या हवेची ऊब काढून घेणारं यंत्र बसवलं. घराला नेहमीसारखी फर्नेस नव्हती. पुढे जर्मनीत जी ‘पॅसिव्ह हाउस’ची कल्पना रुजली तिच्या पूर्वजांमध्ये हे घर मोजलं जातं. त्याची करामत कुठल्याही एका चमत्कारी पदार्थात नव्हती. जाडी, हवाबंदी आणि वायुवीजन या तीन गोष्टींचा एकत्र विचार त्यात होता. सरकारी अनुदान मात्र पदार्थाला मिळालं, विचाराला नाही.

नवा फेस

आज ज्याला स्प्रे फोम म्हणतात तो हा बंदी आलेला फेस नव्हे. हा पॉलियुरेथेन. जर्मनीत लेव्हरकूसेनच्या प्रयोगशाळेत ओटो बायर यांनी १९३७ साली त्याचं रसायन शोधलं. (आडनाव बायर असलं तरी त्या प्रसिद्ध कंपनीच्या संस्थापकांशी त्यांचं नातं नव्हतं.) मिश्रणात पाण्याचा अंश गेला की बुडबुडे यायचे. चाचणी घेणाऱ्याने वैतागून, हे फार तर नकली स्विस चीज करायला उपयोगी पडेल असा शेरा मारल्याचं सांगतात. त्याच बुडबुड्यांतून पुढे गाद्या, फ्रिजच्या भिंती आणि नाशिकच्या द्राक्षांची शीतगृहं आली.

स्प्रे फोमचे दोन पिंप असतात. एकात आयसोसायनेट, दुसऱ्यात पॉलिओल आणि त्याबरोबर उत्प्रेरक, ज्वालारोधक आणि फुगवणारा वायू. दोन्ही नळ्या बंदुकीच्या तोंडाशी एकत्र येतात आणि काही सेकंदांत फवारा फुगून घट्ट होतो. आयसोसायनेट हा शब्द आपल्याला परका नाही. २-३ डिसेंबर १९८४ च्या रात्री भोपाळवर पसरला तो मिथिल आयसोसायनेट. स्प्रे फोममधलं आयसोसायनेट त्याच कुळातलं असलं तरी वेगळं आहे. ते तितकं सहज हवेत उडत नाही आणि नीट घट्ट झालेल्या फोममध्ये मोकळं उरत नाही. तेव्हा माळ्यावर भोपाळ घडेल असं म्हणणं हा कांगावा होईल. पण फवारा चालू असताना श्वासावाटे ते आत गेलं तर कायमचा दमा जडू शकतो. म्हणूनच कामगाराच्या तोंडावर हवा पुरवणारा मुखवटा असतो आणि घरच्यांना साधारण एक दिवस बाहेर राहायला सांगतात. प्रमाण चुकलं तर फोम नीट पिकत नाही, भिंतीपासून सुटतो, महिनोन्महिने उग्र वास मारतो. पुन्हा तेच: घर हाच कारखाना.

आता गुणांचा हिशेब प्रामाणिकपणे मांडायला हवा. उष्णतेला अडवायची ताकद इथे ‘आर’ या आकड्यात मोजतात. बंद पेशींचा स्प्रे फोम दर इंचाला सुमारे ६ देतो. खुल्या पेशींचा मऊ फोम साडेतीनच्या थोडा वर. वर्तमानपत्रांचा लगदाही साधारण साडेतीन, काचतंतू ३ ते साडेतीन, खनिज लोकर ४ च्या आसपास, आणि बिचारा भुसा दोन-सव्वादोन. शिवाय फोम ऊबही राखतो आणि हवाही अडवतो. बंद पेशींचा असेल तर ओलही अडवतो. ही तीन कामं एका फवाऱ्यात करणारी दुसरी वस्तू नाही. अरुंद जागा असेल, वाकडातिकडा दगडी पाया असेल, तर त्याला तोड नाही.

पण या सहाच्या आकड्यामागे त्या बुडबुड्यांतला वायू आहे. सुरुवातीला तो सीएफसी होता, ओझोनचा थर विरवणारा. १९८७ च्या माँट्रियल करारानंतर तो गेला, एचसीएफसी आला. तोही ओझोनला बाधक ठरला. भारताने फोममधला या कुळातला मुख्य वायू १ जानेवारी २०२० पासून बंद केला. त्याच्या जागी आलेला एचएफसी ओझोनला बाधत नव्हता, पण पृथ्वी तापवण्यात कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे हजारपट निघाला. कॅनडाने २०२१ पासून तोही अडवला. आता चौथ्या पिढीचे वायू आहेत आणि ते बरेच सौम्य आहेत. इंधन वाचवण्यासाठी घेतलेल्या वस्तूने दर पिढीत एकेक नवा हिशेब मागे ठेवला.

आमचा माळा

आमच्या प्रश्नाचं उत्तर शेवटी साध्या गुणाकाराने दिलं. ओंटारिओत नव्या घराच्या माळ्याला आर-६० लागतो. लगद्याने तो गाठायचा तर सुमारे १७ इंचांचा थर हवा, बंद पेशींच्या फोमने १० इंच. पण माळ्यावर जागेची टंचाई कुठे आहे? छपराखाली माणसाला वाकून उभं राहता येईल इतकी पोकळी रिकामीच पडलेली. दर इंचाला जास्त ताकद हा फोमचा मुख्य गुण तिथे वायाच जाणार होता. त्याची हवाबंदी मात्र हवी होती. म्हणून आधी माळ्याच्या जमिनीतल्या फटी, दिव्यांची भोकं, नळांच्या वाटा एकेक करून बुजवून घेतल्या आणि मग वर लगदा पसरला. तळघरात, जिथे पायाची भिंत संपते आणि लाकडी जमीन सुरू होते त्या अडचणीच्या सांध्यात, फोम मारून घेतला. तिथे दुसरं काही नीट बसलंच नसतं.

फोमवाल्या कंत्राटदाराने एक चांगला प्रश्न विचारला होता: लगदा बसतो, पुन्हा भर घालावी लागते, मग कायमचा इलाज का नको? माझं उत्तर असं, की शंभर वर्षांच्या लाकडी छपराला कायमचं काहीच नसतं. कुठेतरी कौलपट्टी उडेल, पाणी झिरपेल. लगद्यावर डाग पडेल आणि तो आम्हाला दिसेल. फोमच्या मागे वासा सडत असेल तर तो सडून संपेपर्यंत कुणाला कळणार नाही.

ही शंका माझ्या एकटीची नाही, हे ब्रिटनमधल्या घडामोडींवरून दिसतं. तिथे हजारो मालकांनी, कित्येकांनी सप्टेंबर २०२० मध्ये सुरू झालेल्या आणि सहाएक महिन्यांतच गुंडाळलेल्या हरित घर अनुदान योजनेतून, कौलांच्या खालच्या बाजूला स्प्रे फोम मारून घेतला. आता त्यांतल्या अनेकांना घर विकता येईना झालंय, कारण बऱ्याच बँका अशा घरावर कर्ज देत नाहीत. बँकांचं म्हणणं असं नाही, की फोममुळे वासे कुजले आहेत. त्या म्हणतात, वासे दिसतच नाहीत, तर कुजले नाहीत हे आमच्या तपासनिसाने सांगायचं कसं? मग पुन्हा पैसे खर्चून फोम खरवडायचा आणि खरवडताना लाकूडही निघून येतं. तेल महागलं होतं तेव्हाची घाई, अनुदान, बंद भिंत, संशय आणि न विकलं जाणारं घर: चाळीस वर्षांनी, दुसऱ्या देशात, दुसऱ्या फेसाने तेच घडलं.

इथे मला सोलापूरकडचं माळवद आठवतं. लाकडी तुळया, त्यावर फळ्या, त्यावर मातीचा जाड थर आणि सर्वांत वर पांढरी माती. माती खरं तर हवेसारखी उष्णता अडवत नाही. ती उष्णता पिऊन घेते आणि तासन्‌तास उशिरा सोडते. दुपारी कडक ऊन आणि रात्री गारवा असलेल्या मुलखात हे चालतं. ओटावात आठवडेच्या आठवडे थंडी हटत नाही, तिथे चालणार नाही. तेव्हा माळवदाची नक्कल करा असं मी म्हणत नाही. पण आजी सांगायची, की वळवाचा पहिला पाऊस पडायच्या आत माळवदावर नवी माती पडलीच पाहिजे. कोकणात गवती छपराची शाकारणी दरवर्षी होत असे, तीही पावसाच्या तोंडावर. या कष्टांकडे आपण मागासलेपण म्हणून पाहिलं. त्या निमित्ताने दरवर्षी कुणीतरी छपरावर चढत होतं, कुठे तुळई वाकली, कुठे वाळवी लागली ते पाहत होतं, हे मात्र नजरेतून सुटलं. दुरुस्ती म्हणजेच तपासणी होती.

आता पुण्या-मुंबईत वरच्या मजल्यावर राहणारे लोकही तापलेल्या स्लॅबला कंटाळून गच्चीवर फोम मारून घ्यायचा का असं विचारतात. विचारणाऱ्याला मी ‘हो’ किंवा ‘नाही’ असं सांगत नाही. तीन गोष्टी विचारायला सांगते. तिथे जागा खरंच कमी आहे का, की साधी जाड वस्तू चालेल? ती वस्तू तयार होऊन येते आहे की तुमच्या घरात बनणार आहे, आणि बनवणारा माणूस कोण? आणि दहा वर्षांनी स्लॅब गळू लागला, तर गळती कुठे आहे हे दिसणार कसं? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं कंत्राटदार देईल. तिसरा ज्याचा त्यानेच स्वतःला विचारायचा आहे, कारण फोम मारून झाल्यावर कंत्राटदार निघून जाईल आणि त्या छपराखाली राहणार आहात तुम्ही.